लहान शिडाच्या होडीसाठी दिशादर्शन साधनांची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे साधारण पाच ते दहा मीटर लांबीच्या, एक-दोन माणसांनी चालवण्याच्या शिडाच्या होडीसाठी आहेत. मोठ्या यॉटवर जागा, वीज आणि माणसे या तिन्ही गोष्टी पुरेशा असतात. लहान होडीवर तिन्हींची टंचाई असते आणि साधनांची निवड बहुतेक वेळा त्या टंचाईवरच ठरते. पुढील उत्तरांमध्ये एक कसोटी पुन्हा पुन्हा लावलेली दिसेल : आपले स्थान सांगणारी किमान दोन साधने होडीवर असावीत आणि एकाच बिघाडाने ती दोन्ही बंद पडता कामा नयेत.

सुरुवात कोणत्या साधनांपासून करावी?

होडी कोणत्या पाण्यात आणि कोणत्या वेळी चालवायची आहे, हे आधी ठरवावे. ज्याला तलावात किंवा किनारा सतत दिसत राहील अशा पाण्यात दिवसाउजेडी फिरायचे आहे, त्याचे काम एक चांगले होकायंत्र, त्या पाण्याचा नकाशा आणि जलरोधक पिशवीतला मोबाइल एवढ्यावर भागते. किनाऱ्यालगत एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचे असेल, तर हातात धरण्याचा जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ (इतर नौकांशी व किनाऱ्याशी बोलण्याचा बिनतारी संच) आणि खोलीमापक यांची भर घालावी लागते. रात्रीचा प्रवास करायचा असेल किंवा मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडायचा असेल, तर एआयएसचा, म्हणजे जवळपासच्या जहाजांची माहिती देणाऱ्या यंत्रणेचा, विचार करावा. प्रत्यक्षात मात्र खरेदी बहुधा उलट्या क्रमाने होते. मोठा रंगीत पडदा आधी नजरेत भरतो, बहुतेक पैसे त्यावर खर्च होतात आणि होकायंत्र व खोलीमापक उरल्यासुरल्या पैशांत घेतले जातात.

मोबाइलमध्ये जीपीएस आणि नकाशे दोन्ही असताना वेगळे साधन कशासाठी घ्यायचे?

स्थान सांगण्याच्या अचूकतेत आजचा मोबाइल कमी पडत नाही. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलचे जाळे मिळत नसले तरी उपग्रहांचे संकेत मिळत राहतात, त्यामुळे नकाशे आधीच उतरवून ठेवलेले असतील तर ॲप चालते. जाळ्याच्या मदतीशिवाय पहिले स्थान मिळायला मात्र थोडा अधिक वेळ लागतो.

अडचणी दुसऱ्याच आहेत. भर उन्हात पडदा सर्वाधिक प्रकाशमान ठेवला की बॅटरी झपाट्याने उतरते आणि फोन तापला की तो स्वतःहून पडद्याचा प्रकाश कमी करतो किंवा बंद पडतो. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि पावसाचे थेंब किंवा उडालेले तुषार यांनाच तो स्पर्श समजतो. खाऱ्या पाण्याने चार्जिंगचे टोक ओले झाले की ते पूर्ण वाळेपर्यंत बरेच फोन चार्ज होण्यास नकार देतात. याहून महत्त्वाचे म्हणजे संकटात मदतीसाठी बोलण्याचे साधनही बहुधा तोच फोन असतो. नकाशा पाहता पाहता त्याची बॅटरी संपली, तर स्थान आणि संपर्क ही दोन्ही साधने एकाच वेळी हातची जातात. म्हणून मोबाइल हे उत्तम दुसरे साधन आहे. एकमेव साधन म्हणून त्यावर विसंबणे योग्य नाही.

टॅबलेट घेतला तर चालेल का?

आडोशाला, केबिनच्या दारापाशी बसवता येत असेल तर मार्ग आखण्यासाठी तो फार सोयीचा पडतो. विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी : केवळ वाय-फाय असलेल्या पुष्कळ टॅबलेटमध्ये उपग्रहांचे संकेत घेणारी चिपच नसते. आयपॅडच्या बाबतीत सिमची सोय असलेल्या आवृत्तीतच ती मिळते; मग सिम घातले नाही तरी चालते.

हातात धरण्याचा जीपीएस घ्यावा की कायमचा बसवलेला चार्टप्लॉटर (नकाशावर आपले स्थान दाखवणारे पडद्याचे साधन)?

ज्या होडीवर बॅटरीच नाही किंवा जी दर वेळी पाण्याबाहेर काढून ठेवावी लागते, तिच्यासाठी हातातला जीपीएस हेच सरळ उत्तर आहे. त्याची बॅटरी त्याच्यातच असते, बटणे हातमोजे घालूनही दाबता येतात आणि होडी सोडण्याची वेळ आली तर तो सोबत नेता येतो. बदलता येणाऱ्या साध्या सेलवर चालणारे मॉडेल मिळाले तर तेच निवडावे, कारण कोरडे सेल डब्यात भरून नेता येतात आणि चार्जिंगची चिंता उरत नाही. त्याचा पडदा लहान असतो, ही त्याची उणीव. नकाशावर पुढचा-मागचा भाग एकत्र दिसत नाही. म्हणून या साधनावर अक्षांश-रेखांश, वेग आणि ठरवलेल्या बिंदूची दिशा वाचावी व नकाशा वेगळा पाहावा, ही पद्धत अधिक सोयीची ठरते.

केबिन असलेल्या, बॅटरी आणि ती भरण्याची सोय असलेल्या होडीवर कायमचा चार्टप्लॉटर बसवण्यात अर्थ आहे. तो घेतला तरी हातातला जीपीएस काढून टाकू नये. दोघांची वीज वेगळी असल्यामुळे आपल्या कसोटीत ही जोडी बऱ्याच अंशी बसते. मात्र दोघेही त्याच उपग्रहांवर अवलंबून आहेत, हे विसरता येत नाही.

पडदा केवढा असावा आणि टच असावा की बटणांचा?

सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडदा किती अंतरावर येणार, ते आधी मोजावे. हाताच्या अंतरावर असेल तर पाच ते सात इंच पुरतात. केबिनच्या भिंतीवर लावून मागून वाचायचा असेल तर नऊ इंचही अपुरे वाटतात. बटणांशिवाय केवळ टचवर चालणारे मॉडेल उघड्या होडीसाठी टाळावे, असे माझे ठाम मत आहे. शांत हवेत टच अतिशय सुखद वाटतो, परंतु साधनाची खरी गरज भासते ती होडी हेलकावत असताना आणि तोंडावर पाणी उडत असताना. पडद्याची तपासणी पोलराइज्ड चष्मा घालूनही करावी, कारण काही पडदे अशा चष्म्यातून एका विशिष्ट कोनात जवळजवळ काळे दिसतात. रात्रीसाठी प्रकाश किती कमी करता येतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अंधाराला सरावलेली नजर उजळ पडद्याने क्षणात जाते आणि परत यायला वीस-तीस मिनिटे लागू शकतात.

जीपीएस किती अचूक असतो? गॅलिलिओ, ग्लोनास वगैरे असलेले महागडे साधन घ्यावे का?

मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम त्रुटी ठेवत असे, त्यामुळे चूक सुमारे १०० मीटरपर्यंत जाई. ती त्रुटी काढून टाकल्यानंतर उघड्या आकाशाखाली साधारण तीन ते पाच मीटरची अचूकता साध्या साधनातही मिळते. समुद्रावर उंच इमारती किंवा झाडे आड येत नाहीत, म्हणून जीपीएसच्या जोडीला गॅलिलिओ, ग्लोनास अशा एकाहून अधिक उपग्रहमालिकांचा शहरात जेवढा फायदा होतो तेवढा येथे होत नाही. हल्लीच्या बहुतेक साधनांत त्या असतातच. केवळ त्यांच्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

अचूकतेचा खरा प्रश्न नकाशाच्या बाजूने येतो. कित्येक किनाऱ्यांचे सर्वेक्षण उपग्रहांच्या कितीतरी आधी, शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून आणि किनाऱ्यावरील खुणांचे कोन मोजून झालेले आहे. अशा नकाशावर खडक शे-दोनशे मीटर सरकलेला असू शकतो आणि तीन मीटरच्या अचूकतेने आपण त्याच्यावर जाऊन आदळू शकतो. सर्वेक्षणाची तारीख आणि नकाशाचा आधारभूत डेटम (अक्षांश-रेखांश ज्या चौकटीवर मोजले आहेत ती) वाचणे हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा डेटम वापरतो; कागदी नकाशा वेगळ्या डेटमवर असेल तर त्यावर दिलेली दुरुस्ती करूनच बिंदू मांडावा.

इलेक्ट्रॉनिक नकाशा रास्टर असावा की व्हेक्टर?

रास्टर म्हणजे कागदी नकाशाचे जसेच्या तसे चित्र. त्यावर नकाशाकाराने जे छापले ते सगळे दिसते, पण चित्र मोठे केले की अक्षरे फक्त फुगतात. व्हेक्टर नकाशात प्रत्येक खडक, बोया आणि खोलीचा आकडा स्वतंत्र माहिती म्हणून साठवलेला असतो, त्यामुळे तो हलका असतो, थर चालू-बंद करता येतात आणि उथळ पाण्याची सूचना मिळू शकते. चार्टप्लॉटरवर बहुतेक ठिकाणी व्हेक्टरच मिळतो.

त्याचा धोका मात्र नीट समजून घ्यावा. नकाशा लहान केला की गर्दी टाळण्यासाठी साधन काही माहिती लपवते. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील टीम वेस्टास विंड ही ६५ फुटी होडी हिंदी महासागरातील कार्गाडोस काराहोस या प्रवाळभिंतीवर रात्री चढली. नंतरच्या चौकशीत इलेक्ट्रॉनिक नकाशांचा अपुरा वापर आणि लहान प्रमाणावर पाहताना धोके पुरेसे स्पष्ट न दाखवणारी नकाशांची रचना, या दोन्ही बाबी पुढे आल्या. होडीवर निष्णात खलाशी होते आणि साधनेही उत्तम होती. नऊच्या नऊ जण वाचले, हे सुदैव. यातून घ्यायची सवय साधी आहे : मार्ग आखून झाला की निघण्यापूर्वी तो संपूर्ण मार्ग नकाशा मोठा करून, इंचाइंचाने सरकवत पाहावा. साधनाने आपोआप आखून दिलेल्या मार्गालाही हेच लागू आहे. साधन निवडताना नकाशा सरकवण्याचा वेग पाहावा तो याचसाठी. मंद प्रोसेसर असलेल्या साधनावर हे काम इतके कंटाळवाणे होते की माणूस ते टाळू लागतो.

कागदी नकाशाची गरज अजून उरली आहे का?

समुद्र व हवामानाचे काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या संस्थेने २०१९ मध्ये पारंपरिक कागदी नकाशे बंद करण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२५ पर्यंत ते काम पूर्ण केले. तेथे आता इलेक्ट्रॉनिक माहितीवरून हवा तो भाग स्वतः छापून घेण्याची सोय आहे. वाऱ्याची दिशा उघड आहे. तरीही लहान होडीवर प्रवासाच्या भागाचा एक छापील नकाशा, पेन्सिल आणि कोन मोजण्याची पट्टी ठेवण्याचा आग्रह मी धरेन. कारण विजेविना चालणारे आणि संपूर्ण प्रदेश एका नजरेत दाखवणारे दुसरे साधन नाही. उघड्या होडीत मोठा नकाशा पसरणे अशक्य असते, म्हणून हवा तो भाग घडी घालून पारदर्शक जलरोधक पाकिटात ठेवावा आणि तासातासाला आपले स्थान वेळेसह त्यावर लिहावे.

होकायंत्र कसे निवडावे?

लहान होडीवर होकायंत्राची हालचाल फार होते. म्हणून तबकडी मोठी, द्रवाने भरलेली आणि होडी कलली तरी मोकळी फिरणारी असावी. पाच अंशांच्या खुणा ठळक असल्या की पुरे. एकेका अंशाच्या बारीक खुणा हेलकावणाऱ्या होडीत वाचताच येत नाहीत. तबकडीवरची रेघ सुकाणूच्या जागेवरून सरळ दिसते का, हे विकत घेण्याआधी पाहावे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा कल अक्षांशानुसार बदलत असल्यामुळे होकायंत्राची सुई ठरावीक विभागासाठी समतोल केलेली असते. दूरच्या गोलार्धातून मागवलेले होकायंत्र म्हणून कधी कधी अडखळते.

जागा निवडताना आसपासचे लोखंड, स्पीकर, विजेच्या तारा आणि पाठीत चुंबक असलेले आजचे मोबाइल, या सर्वांपासून ते दूर असावे. तरीही काही विचलन, म्हणजे सुईची चूक, राहतेच. शांत पाण्यात ज्ञात खुणांवर रोख ठेवून निरनिराळ्या दिशांना हे विचलन तपासावे आणि त्याचा तक्ता होडीवर ठेवावा. पाच अंशांची चूक क्षुल्लक वाटते, पण बारा सागरी मैलांनंतर ती आपल्याला एक मैल बाजूला नेऊन सोडते.

याशिवाय हातात धरून दिशा मोजण्याचे छोटे होकायंत्र अवश्य घ्यावे. दोन-तीन खुणांच्या दिशा नकाशावर आखून स्थान काढता येते, आणि येणारे जहाज आपल्याला ज्या दिशेला दिसते ती दिशा बदलत नसेल तर टक्कर होण्याचा धोका आहे, हेही त्यानेच कळते. इलेक्ट्रॉनिक फ्लक्सगेट होकायंत्र ऑटोपायलटसाठी आवश्यक आहे, परंतु ते विजेवर चालते; साध्या होकायंत्राची जागा ते घेऊ शकत नाही.

खोलीमापक खरोखर आवश्यक आहे का?

माझ्या मते, पैसे एकाच बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनापुरते असतील तर ते खोलीमापकावर खर्च करावेत. जीपीएस नकाशावरून सांगतो की येथे अमुक खोली असायला हवी; खोलीमापक आता कीलखाली, म्हणजे तळातून खाली उतरणाऱ्या फाळाखाली, किती पाणी आहे ते सांगतो. दोघांचे पटले नाही तर दोहोंपैकी एक चुकते आहे, आणि होडी थांबवण्यासाठी एवढे कारण पुरेसे असते.

खोलीमापकाचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिसंकेत सोडणारा आणि परत घेणारा भाग, तळाला छिद्र पाडून बसवता येतो किंवा भरीव फायबरग्लासच्या तळावर आतूनही चिकटवता येतो. आतून बसवल्यास संकेत थोडा क्षीण होतो, पण गळतीची भीती राहत नाही. फोम किंवा हलके लाकूड मध्ये घातलेल्या तळातून आणि धातूच्या तळातून ही युक्ती चालत नाही. उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्झची वारंवारता योग्य आहे. लहान होडीला त्याहून अधिक काही लागत नाही. शून्य कोठून मोजायचे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून, ट्रान्सड्यूसरपासून की कीलच्या टोकापासून, हे ठरवून होडीवरील प्रत्येकाला सांगून ठेवावे.

एआयएस फक्त ऐकणारे घ्यावे की प्रसारण करणारेही?

एआयएसमुळे जवळपासच्या जहाजांची नावे, दिशा आणि वेग व्हीएचएफवरून मिळतात आणि ती किती जवळून जाणार याचे गणित साधन करून देते. २० नॉट (ताशी २० सागरी मैल) वेगाचे जहाज तीन मिनिटांत एक सागरी मैल कापते. पाच मैलांवर दिसलेले जहाज म्हणजे पंधरा मिनिटांचा अवधी, आणि पाच नॉटने चालणाऱ्या होडीला त्या अवधीत फार काही करता येत नाही.

दिवसा कधीतरी जहाजमार्गाजवळ जाणाऱ्यास केवळ ग्रहण करणारे साधन पुरते, आणि काही व्हीएचएफ संचांत ते अंगभूतच असते. रात्री किंवा धुक्यात जाणाऱ्याने प्रसारण करणारे घ्यावे. क्लास बी या लहान नौकांसाठीच्या प्रकारातले साधे साधन २ वॅटने प्रसारण करते आणि वेग दोन नॉटहून अधिक असताना दर ३० सेकंदांनी स्थान कळवते. ५ वॅटचे नवे प्रकार अधिक जोमदार आहेत. व्यापारी जहाजांचे क्लास ए साधन १२.५ वॅटचे असते. आपले प्रसारण होते आहे म्हणून समोरचा आपल्याला पाहतोच आहे, असे मात्र गृहीत धरू नये. शिवाय मासेमारीच्या अनेक लहान नौकांवर एआयएस नसते, त्यामुळे रिकामा पडदा म्हणजे रिकामा समुद्र नव्हे. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम डोळे आणि कान यांनी पहारा ठेवण्यास सांगतो. एआयएस त्याला जोड देते.

रडार बसवावे का?

सात-आठ मीटरच्या होडीवर सहसा नाही. पाच-सहा किलोचे वजन उंचावर जाते, वीज लागते आणि पडद्यावरचे चित्र वाचायला सराव लागतो. त्यापेक्षा आपणच इतरांच्या रडारवर ठळक दिसावे म्हणून डोलकाठीवर चांगला रडार परावर्तक लावावा.

व्हीएचएफ रेडिओचा दिशादर्शनाशी काय संबंध?

डीएससी, म्हणजे बटणासरशी अंकी संदेश पाठवण्याची सोय, असलेल्या संचावर लाल बटण दाबले की ७० क्रमांकाच्या चॅनेलवरून संकटाचा संदेश होडीच्या एमएमएसआय या नऊ अंकी ओळख क्रमांकासह जातो. संचाला जीपीएस जोडलेला किंवा अंगभूत असेल तर आपले स्थानही त्याच संदेशात जाते. नसेल तर ते हाताने भरावे लागते किंवा तोंडी सांगावे लागते. आपला एमएमएसआय नोंदवलेला नसेल तर या सोयीचा उपयोग पुष्कळ कमी होतो.

वेगवेगळ्या कंपन्यांची साधने एकमेकांना जोडता येतात का?

बहुधा येतात. साधने जोडण्याचे जुने मानक एनएमईए ०१८३ दोन तारांवरून साधारण ४,८०० बॉड वेगाने, एआयएससाठी ३८,४०० बॉडने, माहिती पाठवते. त्यात एक साधन बोलते आणि इतर ऐकतात. नवे मानक एनएमईए २००० एकाच मुख्य केबलवर सर्व साधनांना जोडते आणि त्या केबलच्या दोन्ही टोकांना रोधक लावावे लागतात. दोन-तीन साधनांपुरती होडी असेल तर जुनी पद्धतही चालून जाते. जोडणी करताना एक सावधगिरी बाळगावी : सगळी साधने एकाच फ्यूजवर घेऊ नयेत. तसे केले तर वेगवेगळी साधने विकत घेऊनही एका तारेच्या गंजाने सगळी मिळून बंद पडतात.

बॅटरी केवढी लागेल?

प्रत्येक साधनाचा प्रवाह आणि तास यांचा गुणाकार करावा. १२ व्होल्टवर सात इंची चार्टप्लॉटर सुमारे १ अँपिअर, ऐकत राहणारा व्हीएचएफ ०.४, क्लास बी एआयएस ०.२, एलईडी दिवा ०.२ आणि टिलर पायलट (सुकाणू आपोआप धरणारे यंत्र) सरासरी १ अँपिअर घेतो असे धरले, तर एकूण २.८ अँपिअर होतात. बारा तासांच्या रात्रीला त्याचे जवळपास ३४ अँपिअर-अवर होतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून तिची क्षमता किमान ७० हवी. हा आकडा पाहून पुष्कळ जण टिलर पायलट किंवा चार्टप्लॉटर वगळतात, आणि तो निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो.

‘आयपीएक्स ७’ म्हणजे पूर्ण जलरोधक का?

एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे टिकेल एवढाच त्याचा अर्थ आहे. साधन तरंगेल की नाही, हे त्यातून कळत नाही. हातातल्या साधनाला दोरी बांधलेली असावी.

जुने, वापरलेले साधन घ्यावे का?

होकायंत्र, परावर्तक, कोनमापक पट्ट्या निःशंक घ्याव्यात. होकायंत्रात मात्र हवेचा बुडबुडा किंवा गढूळ द्रव नाही हे पाहावे. चार्टप्लॉटर घेताना त्याच्यासाठी नकाशाची कार्डे अजून मिळतात का आणि नकाशे अद्ययावत करता येतात का, हे आधी पाहावे. जीपीएसमधील आठवड्यांची मोजणी दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. अशी वेळ ऑगस्ट १९९९ आणि ६ एप्रिल २०१९ रोजी येऊन गेली आहे. अद्ययावत न केलेली काही जुनी साधने त्यानंतर चुकीची तारीख दाखवतात, आणि तारखेवर चालणारे भरती-ओहोटीचे गणितही मग चुकते.

उपग्रहांचे संकेतच मिळेनासे झाले तर?

बाल्टिक समुद्र, काळा समुद्र आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात गेल्या काही वर्षांत संकेत दडपण्याचे आणि खोटे संकेत पाठवण्याचे प्रकार वारंवार झाले आहेत. संकेत दडपला तर साधन निदान तशी सूचना देते. खोट्या संकेताने ते निर्धास्तपणे चुकीचे स्थान दाखवत राहते. अशा वेळी हातातला जीपीएस, मोबाइल आणि चार्टप्लॉटर तिन्ही एकदम चुकतात. मग उरते ते होकायंत्र, खोलीमापक, घड्याळ आणि पाण्यातील वेग मोजणारे लॉग, म्हणजे ज्यांचा उपग्रहांशी संबंध नाही अशी साधने. शेवटच्या खात्रीच्या स्थानापासून दिशा, वेग आणि वेळ धरून पुढचे स्थान काढावे, प्रवाहाचा अंदाज त्यात मिळवावा आणि खोलीच्या आकड्यांशी ते ताडून पाहावे. यासाठी शेवटचे स्थान आणि त्याची वेळ कागदावर लिहिलेली असणे आवश्यक आहे.

नवे साधन बसवल्यावर पाण्यात उतरण्याआधी काय तपासावे?

दिशा खऱ्या उत्तरेवरून दाखवली जाते की चुंबकीय, अंतर सागरी मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये आहे की फुटांत, आणि अक्षांश-रेखांश कागदी नकाशाप्रमाणे अंश व दशांश मिनिटांत लिहिले जातात की नाही, हे पाहावे. दोन साधनांमध्ये ही मांडणी वेगळी असेल तर आकडे एकाचे दुसऱ्यावर उतरवताना चूक ठरलेलीच. त्यानंतर धक्क्याला बांधलेल्या होडीतूनच साधनावरचे स्थान नकाशावर मांडून पाहावे आणि खोलीचा आकडा बांबू किंवा वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून पडताळावा.